किंडरच्या पठारावरून, दिन्याला

शेफील्ड,
ऑगस्टअखेर

प्रिय दिन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "इंग्लंडात चढण्यासारखं आहे काय रे?" मागून वहिनी हसलेल्या ऐकू आल्या. तेव्हा मी बसमध्ये होतो, म्हणून विषय टाळला. आज रविवार, बाहेर पाऊस आहे आणि स्वयंपाकाला बुट्टी मारली आहे. तेव्हा सविस्तर ऐक.

उंचीच्या बाबतीत तुझंच खरं. इथल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातला सर्वांत उंच डोंगर म्हणजे किंडर स्काउट, ६३६ मीटर. कळसूबाईपेक्षा हजार मीटरनी ठेंगणा. त्यात त्याला धड माथाही नाही. वर दरवाजा नाही, बुरूज नाही, पाण्याचं टाकं नाही, देऊळ नाही. मैलोन्‌मैल सपाट, काळं, भिजलेलं पठार आणि कडेला खडकांची झालर. सगळ्यांत उंच जागा त्या चिखलात कुठेतरी आहे. तिथे दगडांची छोटीशी रास आहे आणि ती शोधायलाही नकाशा लागतो. माणसं जातात ती जवळच्या किंडर लो नावाच्या ६३३ मीटरच्या उंचवट्यावर, कारण तिथे सर्व्हेचा खांब आहे.

हे खांब तुला आवडतील. काँक्रीटचे, चार फूट उंच, वर निमुळते होत गेलेले. १९३६ पासून ब्रिटनची नव्याने मोजणी झाली तेव्हा देशभर असे सुमारे साडेसहा हजार उभारले. माथ्यावर पितळेची तबकडी आणि तिच्यात तीन खाचा, थिओडोलाइटचे, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचे, पाय बसवायला. आता उपग्रहांमुळे त्यांचं काम संपलं, पण लोकांनी त्यांना सोडलेलं नाही. एकेक खांब गाठून वहीत नोंद करणारे इथे ढिगाने आहेत. मी त्यातला नाही, पण वर पोचल्यावर त्या खाचांत बोट घातल्याशिवाय मलाही राहवत नाही. पितळ ऑगस्टमध्येसुद्धा बर्फासारखं गार असतं.

आपण जाऊ ती वाट सांगतो. शेफील्डहून ईडेलची गाडी पकडायची. निघाल्यावर थोड्याच वेळात टॉटलीचा साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा लागतो आणि बाहेर पडतोस तो थेट हिरव्या खोऱ्यात. ईडेल स्टेशनवर उतरून मेंढ्यांच्या कुरणांतून, दगडी गडग्यांमधल्या फाटकांतून जायचं. फाटक आपल्यामागे लावायचं, हा इथला पहिला नियम. मग 'जेकब्ज लॅडर' नावाची दगडी पायऱ्यांची चढण. पूर्वी लादलेल्या घोड्यांचे तांडे इथून डोंगर ओलांडायचे. ही चढण संपली की दमछाक संपली. पुढे सगळं कडेकडेने चालणं.

आणि खरी मजा त्या कडेवरच आहे. हा खडक आपल्या काळ्या कातळासारखा नाही. जाड्या वाळूचा, खरखरीत, हाताची सालटं काढणारा. याचीच जाती कोरून विकायचे. वाऱ्यापावसाने झिजून त्यांचे असे काही आकार झालेत की थकून गेलेला माणूसही थांबून बघतो. पश्चिमेला मँचेस्टरचे मनोरे दिसतात, हवा स्वच्छ असली तर वेल्सचे डोंगरही. आता पठारावर हेदर फुललंय. गुडघ्याएवढी काटकुळी झुडपं, पण सगळा उतार जांभळा. मध्येच पायाशी फडफडाट होतो आणि ग्राउझ नावाचा तांबूस पक्षी "गो बॅक, गो बॅक" असं ओरडत उडतो. पहिल्यांदा ऐकलं की दचकायला होतं.

किंडर डाउनफॉल या तीसेक मीटरच्या धबधब्यापाशी डबा खायचा. पश्चिमेचा वारा जोरात असला की पाणी खाली न पडता उलटं वर उडतं. पावसाळ्यात नाणेघाटात आपण अंग भिजवून घेत उभे राहायचो ना, तेच. फरक इतकाच की इथल्या थंडीत तो तुषार अंगावर घ्यायला कुणी उभा राहत नाही.

आता त्या 'गो बॅक'चं सांगतो. गेल्या शतकात हे सगळं पठार खाजगी होतं. वर्षातले मोजके दिवस जमीनदार आणि त्यांचे पाहुणे ग्राउझची शिकार करणार, आणि बाकी वर्षभर राखणदार काठ्या घेऊन लोकांना हाकलणार. खाली मँचेस्टर आणि शेफील्डात गिरण्या-कारखान्यांतली माणसं आठवडाभर धूर खाऊन रविवारी डोंगर बघायची, पण खालूनच. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाजवळच्या दगडखाणीत चारेकशे जण जमले. बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या पोराने भाषण केलं आणि सगळे सरळ वर चढले. राखणदारांशी झटापट झाली. पलीकडून, ईडेलच्या बाजूने शेफील्डची मंडळी आली होती, ती वर भेटली. परतल्यावर धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून नुसतं चालणं हा तेव्हाही फौजदारी गुन्हा नव्हता. शिक्षा झाली ती दंगलीच्या आरोपांखाली.

शिक्षेने मात्र उलटंच झालं. चळवळीवर नाराज असलेलेही हळहळले. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००० साली मोकळ्या माळरानांवर चालण्याचा हक्क कायद्यात आला. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, त्या वेळच्या मालकाच्या वारसाने, ड्यूक ऑफ डेव्हनशायरने, जाहीर माफी मागितली. म्हणून मी वाट अशी आखली आहे की उतरताना विल्यम क्लफच्या घळीतून, जिथे झटापट झाली तिथून, त्या खाणीपाशी यायचं. आता तिथे गाड्या लावायची जागा आहे. भिंतीवर एक पाटी आहे, बस.

घळीत उतरण्याआधी तुला थोडं वाकड्या वाटेने न्यायचं आहे, मिल हिलच्या पुढे. तिथे पाऊल टाकलं की गुडघाभर रुतावं अशी जमीन होती. म्हणून दलदलीवर दगडी लाद्यांची वाट टाकली आहे. एकामागे एक, थेट क्षितिजापर्यंत. अशा वाटांसाठी पाडलेल्या जुन्या कापडगिरण्यांच्या फरशा आणल्या होत्या. एका लादीला मधोमध गोल भोक आहे, कडा गुळगुळीत झालेल्या, त्यात पावसाचं पाणी साचलेलं. यंत्राचा बोल्ट तिथेच बसत असणार असं मी धरून चाललो.

दिन्या, तुझे आजोबा गिरणीत त्रासन खात्यात, सूत कातायला, आणि माझे साच्यावर, म्हणजे मागावर. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं इथूनच, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून गेलेली. आजोबांना त्यांची खडखड मरेपर्यंत कानात ऐकू यायची. आणि इथे अशाच खात्याची फरशी उघड्यावर पडली आहे, वर मेंढ्या चरताहेत. आणखी एक. या पठारावरचं पाणी धरून ठेवणारं शेवाळ मुळात मेलं त्यात याच गिरण्या-कारखान्यांच्या धुराचा मोठा वाटा. शेवाळ गेलं, काळी माती उघडी पडली, पावसाने तिच्यात माणसाहून खोल चर पाडले. गेली कित्येक वर्षं लोक तिथे बांध घालताहेत, शेवाळ लावताहेत. जिथे लावलंय तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढरी कापूसगवताची बोंडं डुलतात. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, ते मला अजून पचत नाही. तू मात्र "पोटाला लागतंच ना" म्हणणार, माहीत आहे.

तर सामान. धुकं पाच मिनिटांत उतरतं आणि वर सगळीकडे सारखंच दिसतं, म्हणून नकाशा आणि होकायंत्र मी घेतो, फोनवर भरवसा नाही. तुझे ते कापडी बूट आणू नकोस, घोट्यापर्यंतचे आण. रेनकोट आपल्याकडचा चालणार नाही, इथे घेऊ. पंधरा मे ते जून अखेर सुट्टी काढ. तेव्हा उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो आणि कापूसगवतही दिसेल. हेदर मात्र चुकेल, त्याला इलाज नाही.

येताना काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी आण, अर्धा किलो तरी. वर डबा उघडला की शेजारचे गोरे विचारतातच, तेव्हा थोडी जास्तच. तिकीट काढलंस की तारखा कळव, मला रजा आधी टाकावी लागते. काका-काकूंना साष्टांग नमस्कार, पिंट्याला गोड पापा.

तुझा,
बाळ्या

ता. क. वहिनींनाही आण. चढण जेमतेम तासाभराची आहे, आणि मग कोण हसतं ते बघू.