नुसते नाव जुळवून भागणार नाही

मतदारयादीतील दुबार नावे शोधणार, ही बातमी वाचली. शोध हवाच, १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव एकाच ठिकाणी असावे लागते. पण कोकणात निम्मे घर मुंबईला. माझी आई मुंबईच्या यादीत ‘लक्ष्मी’, गावच्या यादीत अजून ‘लक्ष्मीबाई’. वगळण्याचा अर्ज देऊनही. उलट आमच्या वाडीत एकाच नाव-आडनावाचे तिघे चुलतभाऊ आहेत. एक लाख नोंदी एकमेकींशी ताडायच्या तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात. म्हणून आधी जन्मवर्षानुसार गट पाडावेत आणि गटातच वडिलांचे वा पतीचे नाव ताडावे. जन्मवर्षही चुकलेले असते, तेव्हा दुसरी फेरी आडनावाच्या उच्चारावरून घ्यावी. आणि नाव वगळण्यापूर्वी त्या घरी जाऊन विचारावेच.

– एक वाचक, देवगड