मधुमेहाचा सल्ला कोकणच्या ताटाला धरून हवा

महोदय,

टाइप २ मधुमेहाचे निदान नव्याने झालेल्या रुग्णाच्या हाती औषधाच्या चिठ्ठीबरोबर आहाराचा जो छापील कागद पडतो, त्यात ओट्स आणि ब्रोकोली असते. पेज, कुळथाची पिठी, बांगडा यांचा उल्लेखही नसतो. माझ्या पतींना असाच कागद मिळाला आणि धास्तीने त्यांनी भात पूर्ण सोडून दोन्ही वेळा पोटभर नाचणीची पेज घेणे सुरू केले. नाचणी पौष्टिक खरीच, परंतु तिच्या बारीक पिठाची पातळ पेजही रक्तातील साखर लवकर वाढवते. त्यापेक्षा भाकरी बरी, आणि भात खायचा तर वाटीने मोजून, सोबत भाजी, उसळ किंवा मासळी जास्त घेऊन, हे त्यांना वेळीच कोणीतरी समजावून सांगायला हवे होते.

त्याहून गंभीर गोष्ट पायांची. या आजारात पायांची संवेदना कमी होऊ शकते, आणि आपली माणसे तर अनवाणी चिखलणी करतात, खळ्यात वावरतात. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय नीट पाहावेत, एवढे एक वाक्यही त्या कागदावर नव्हते.

सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेहासाठी मोफत तपासणी होते, ही मोठी सोय आहे. तिथेच आशा सेविकांमार्फत इथल्या जेवणाचा तक्ता आणि पायांच्या निगेची माहिती प्रत्येक नव्या रुग्णाच्या घरी पोहोचवावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, मालवण (जि. सिंधुदुर्ग)