काका, जपान आता बरोबर वाजतंय

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आमचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून दिलात म्हणून दुकानात येऊन आभार मानले तर तुम्ही "होते जी, त्यात काय" म्हणाल आणि सोल्डरिंगच्या धुरात परत डोकं घालाल, हे ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं उघडं लिहितेय. दुसरंही एक कारण आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी हौसेनं आणलेले रेकॉर्ड प्लेअर नागपुरात आमच्या एकट्याच्याच घरी नसणार, आणि त्यातले बरेच आजही चुकीच्या वेगानं फिरत असणार. तुमचं नाव आणि पत्ता मात्र लिहीत नाही. महाल भागात ज्यांना तुमचं दुकान माहीत आहे त्यांना पुरे आहे. गर्दी झाली तर तुम्ही शटर अर्धं ओढून बसाल.

वाचणाऱ्यांसाठी मागची हकीकत सांगते. आमचं मशीन आत्याच्या यजमानांनी न्यू जर्सीहून आणलेलं. सोबत २२० चे ११० व्होल्ट करणारा लोखंडी डबा, तोही त्यांनीच दिलेला. बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत) नोकरीला होते. धरमपेठेतल्या आमच्या घरात किशोरी आमोणकर, भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे यांच्या तबकड्या होत्या, पण त्या कॅसेटी आल्यावर कुणाकुणाकडे गेल्या. बाबांनी हातची सोडली नाही ती एकच, डीप पर्पलची 'मेड इन जपान'. दोन एलपींची जोडी. कव्हरच्या कडा झिजल्या, आतली पांढरी पाकिटं दोनदा बदलून झाली, पण पाहुणे आले की आजही आधी तीच निघते. आई त्या वेळी भाजी आणायला गोकुळपेठेत जाते.

ही रेकॉर्ड म्हणजे एका मैफलीची नाही, तीन रात्रींची. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हा इंग्लिश बँड पहिल्यांदा जपानला गेला. १५ आणि १६ तारखेला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, १७ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये. बुडोकान १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्यूदोसाठी बांधलेलं. लाइव्ह रेकॉर्ड व्हावी ही हौस जपानी कंपनीची, बँडला त्यात फारसा रस नव्हता. करायचीच तर आमचा माणूस ध्वनिमुद्रण करील, असं म्हणून त्यांनी मार्टिन बर्च यांना सोबत नेलं. आठ ट्रॅकच्या टेपवर तिन्ही रात्री उतरवल्या, त्यातली सात गाणी निवडली. मिक्सिंगच्या वेळी पाचांपैकी बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवाला इयन पेस एवढेच हजर होते म्हणतात. ज्या रेकॉर्डची खुद्द गायकाला आणि गिटारवाल्याला पर्वा नव्हती, ती आज रॉकमधल्या उत्तम लाइव्ह रेकॉर्डींमध्ये धरली जाते. बाबांना हा भाग सांगताना फार मजा येते.

माझं स्वतःचं मत वेगळ्या कारणानं चांगलं आहे. लाइव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी रेकॉर्डी नंतर स्टुडिओत बसून दुरुस्त केलेल्या असतात. बेसूर ओळ परत गायलेली, चुकलेली गिटार परत वाजवलेली. ह्या पाचांनी ते केलं नाही. मंचावर जे झालं ते झालं. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून घातलेला, त्यामुळे तो देवळातल्या बाजासारखा न वाजता गुरगुरतो, आणि ब्लॅकमोरची गिटार त्याच्या अंगावर धावून जाते. मंचावरचे आवाज कमीजास्त करायची चर्चा चाललेली असताना गायक गिलन माइकवरूनच म्हणतो की सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठं करता येईल का! कोण कुणासाठी थांबला, कोण घाईत पुढं गेला, हे सगळं त्यात ऐकू येतं. आणि नेमकं तेच आमच्या घरी कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

आमच्या घरचा गिलन खर्जातला होता. 'चाइल्ड इन टाइम'मध्ये तो चढत चढत किंचाळतो ती जागा जगप्रसिद्ध आहे. आमच्याकडे ती दमलेल्या माणसाच्या हाकेसारखी यायची. पेसच्या ड्रमला वजन होतं, पण चपळाई नव्हती. बाबा म्हणायचे, बघा काय ठेहराव आहे. आम्ही मान डोलवायचो. मोबाइलवर हीच गाणी कानावर पडली तेव्हा मला वाटलं, नव्या पिढीसाठी कुणीतरी वेग वाढवून टाकली असतील.

पेच भाच्यामुळे उघडा पडला. तो कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवातीची ती चार स्वरांची फिरकी गिटार हातात घेणारा प्रत्येक मुलगा आधी शिकतो. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोला फ्रँक झापाच्या कार्यक्रमात आग लागली, सरोवरावर धूर पसरला, त्यावरचं हे गाणं. ओसाकाला वाजलं तेव्हा बाजारात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. तर भाचा रेकॉर्डसोबत वाजवायला बसला आणि सूर लागेचना. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर मूळ गाणं पांढरी पाचचं. आमची रेकॉर्ड पांढरी तीनच्याही थोडी खाली. तो वैतागून म्हणाला, "आजोबा, तुमचा बँड झोपेत वाजवतो."

मग दुकानं झाली. एका ठिकाणी मोटर गेली म्हणाले. दुसरीकडे मशीन उघडलंही नाही, ब्लूटूथवाला नवीन डबा दाखवला. तुमच्याकडे आलो ते बाबांच्या जुन्या मर्फी रेडिओच्या ओळखीवर.

तुम्ही काय केलंत ते मला नीट लिहायचंय, कारण ते पाहण्यासारखं होतं. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर उचललाच नाही. प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या) कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि फेरे मोजले. मिनिटाला तेहतीसच्या वर व्हायला हवेत, झाले अठ्ठावीसच्या आत. मग मशीन उलटं करून मागची पट्टी वाचलीत आणि हसलात. "मोटर बिघडली नाही जी ताई. ते तर आपल्या लाइनीप्रमाणं बरोबर चालून राह्यली. पुली तिकडची आहे न."

अमेरिकेची वीज ६० सायकलची, म्हणजे सेकंदाला तेवढी आवर्तनं घेणारी, आपली ५० ची. डब्यानं व्होल्टेज उतरवलं, सायकल त्याला बदलता येत नाही. आणि ही मोटर सायकलच्या तालावर फिरणारी. तिकडे सहा फेरे, तर इकडे पाच. सगळं कोडं एवढंच. 'स्पेस ट्रकिन''ची शेवटची बाजू वीस मिनिटांची, ती आमच्याकडे चोवीस मिनिटं चालायची. स्टुडिओत ज्याला साडेचार मिनिटं पुरली ते गाणं मंचावर आधीच चौपट वाढलेलं. आमच्या घरी त्याला आणखी चार मिनिटांची फोडणी.

नवी मोटर शोधत बसण्यापेक्षा पुलीच (मोटरवरचं बेल्ट फिरवणारं छोटं चाक) मोठी करायची, हे तुम्ही चहा येईपर्यंत ठरवलंही होतं. जुन्या पुलीला मोजमापाचं व्हर्नियर लावलं. तिचा व्यास दहा धरला तर नवी बारा, आणि बेल्टची जाडी धरून त्याहून केसभर जास्त. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या रेकॉर्डींसाठी टप्पा वेगळा, पंचेचाळीसवाल्यांसाठी वेगळा. इतवारीतल्या खरादवाल्याकडे पितळेचा तुकडा घेऊन तुम्ही स्वतः गेलात, मला पाठवलं नाहीत. "त्याले सांगून समजत नाही, उभं राहा लागते." मे महिना होता, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, आणि तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधून सायकलवर निघालात. (तुमच्या वयाचा हिशोब मी करत नाही, तुम्हाला आवडत नाही.)

मग तो ट्यूबलाइटचा प्रकार. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितला, कुणाला पटेना, म्हणून इथेही सांगते. गोल कागदावर १८० रेघा समान अंतरानं छापलेल्या. तो प्लॅटरवर ठेवायचा आणि चोकवाल्या जुन्या ट्यूबखाली फिरवायचा. आपल्या विजेवर ती ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते. प्लॅटर मिनिटाला बरोबर ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभरच रेघा नजरेसमोरून जातात आणि फिरणारा कागद जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. रेघा पुढं सरकत असतील तर वेग जास्त, मागं सरकत असतील तर कमी. आमच्या रेघा हळूहळू पुढं सरकत होत्या. तुम्ही पुली काढून बारीक पॉलिश पेपर लावलात, परत बसवलीत, परत काढलीत. माझ्या डोळ्यांना केव्हाच थांबल्या होत्या, तुमच्या नव्हत्या. दुकानातली ती एक चोकवाली ट्यूब तुम्ही एलईडी का करत नाही, हेही त्या दिवशी कळलं.

खरं तर काम तिथं संपलं होतं. गिऱ्हाइकाला मशीन देऊन मोकळं व्हायचं. पण तुम्ही म्हणालात, वाजवून पाहिल्याबिगर देत नाही, आणि पूर्ण वाजवलीत. चारही बाजू. 'हायवे स्टार' सुरू झालं आणि मी खुर्चीवरून उठले, इतकं ते अंगावर आलं. तुम्ही इंग्रजी गाणी ऐकत नाही हे आधीच सांगितलं होतं. 'द म्यूल'मध्ये पेसचा एकट्याचा ड्रम सुरू झाला तेव्हा तुमच्या हातातलं काम थांबलं. भजनी मंडळात इतकी वर्षं पखवाज वाजवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. तुम्ही मांडीवर बोटांनी त्याचा पाठलाग करत होतात, एका जागी हुकलात आणि स्वतःशीच "अरे बाप" म्हणालात. तिसऱ्या बाजूला 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गिलन तोच गळ्यातून परत करतो, मग आणखी अवघड, मग आणखी वर. तुम्ही शेजारच्या घड्याळवाल्याला हाक मारून बोलावलंत, "या बे, सवाल-जवाब ऐक." मी ही रेकॉर्ड लहानपणापासून ऐकतेय, पण तो झगडा झगडा म्हणून मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. हळू केलेल्या भांडणात धार राहत नाही. त्या दोन माणसांचं पुढं खरंच पटलं नाही, वर्षभरातच गिलननं बँड सोडला, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ऐकूच येऊन राह्यलं न ते."

आता बाबांचं सांगते, कारण तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत आणि मी टाळलं. बाबांना आवडलं नाही. पहिली बाजू संपायच्या आत म्हणाले, "ही पोरं कुठं निघालीत एवढ्या घाईनं?" मी त्यांना सायकल, पुली, १८० रेघा सगळं समजावलं. त्यांना ते कळलं, नाही असं नाही, वेकोलित आयुष्य यंत्रांतच गेलं. पण त्यांची मैफल तीच नव्हती. दोन दिवस रेकॉर्ड लावली नाही. आईला तेवढा आराम मिळाला.

तेव्हा मला मशीनच्या खोक्यात तुम्ही ठेवलेली प्लॅस्टिकची पुडी सापडली. आत जुनी पुली, आणि बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुमच्या अक्षरात, "साहेबांनी मागितली तर लावून द्या. एकच स्क्रू आहे." काका, तुम्ही बाबांना एकदाच भेटला होतात, तेही दहा मिनिटं. हे तुम्हाला आधी कसं कळलं? मोटर बदला म्हणणाऱ्याला कळलं नसतं, मलाही कळलं नव्हतं. तुमच्या हातच्या कसबाला मी दाद देतेच, पण हे पत्र खरं त्या पुडीसाठी आहे.

आता आमच्याकडे अशी व्यवस्था आहे. रविवारी सकाळी, तर्री-पोहे झाले की, बाबा त्यांची पुली लावतात आणि 'चाइल्ड इन टाइम' त्यांच्या खर्जात ऐकतात. स्क्रू स्वतः फिरवतात, कुणाला हात लावू देत नाहीत. भाचा आला की पितळेची पुली. गेल्या खेपेला तो गिटार घेऊन बसला, सूर पहिल्या झटक्यात लागला, आणि बाबा पेपर पुढ्यात धरून पाय हलवत होते. मी काही बोलले नाही.

रेकॉर्डी वरच्या पत्र्याच्या खोलीतून तुम्ही सांगितल्याप्रमाणे खाली आणल्या आहेत, आडव्या न ठेवता उभ्या. कूलरच्या तोंडासमोरून मशीनही हलवलं. बिलात तुम्ही फक्त खरादवाल्याचे पैसे लावलेत, ते चालणार नाही. तुमची मजुरी किती ते कळवा, नाहीतर बाबा स्वतः येतील आणि मग तुमची दुपार गेली समजा. चौथ्या बाजूच्या शेवटाला सुई जरा घासल्यासारखी वाजते. ती घेऊन मी पुढच्या आठवड्यात येतेच आहे. घड्याळवाल्या काकांना सांगा, 'लेझी' त्यांना अर्धीच ऐकायला मिळाली होती, ती रेकॉर्डही सोबत आणते.

आपली,
धरमपेठेतल्या जपानवाल्या साहेबांची मुलगी