तक्रार केली आहे, काळजी नको

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी विषय बदलला, ते आईला कळलंच असणार. कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली आहे. करू का, असं विचारत नाहीये.

बाबा, आधी बीपीची गोळी घ्या, मग पुढचं वाचा. बाळंतपणातून सावरायची रजा आईचीच, त्यात मला वाटा नको. पण त्यानंतर नुसतं बाळाजवळ राहायला आमच्याकडे बायकांना बारा आठवडे आणि बापाला दोन. हे इथल्या कायद्यात बसत नाही. ईईओसी नावाचा इथल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारचा आयोग आहे, नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारा; तिथे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. कॅलिफोर्नियात मुदत ३०० दिवसांची, मी त्या मुदतीच्या आत आहे. सल्ल्यालाही खर्च नाही. सॅन फ्रान्सिस्कोत लीगल एड ॲट वर्क ही संस्था फोनवर फुकट देते. आणि मी काही जगावेगळं करत नाहीये. बापांच्या रजेच्याच तक्रारीवरून जेपी मॉर्गन बँकेने २०१९ मध्ये ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

नोकरी जाईल, असं आई म्हणेल. तक्रार केली म्हणून त्रास देणं हेच इथे बेकायदा आहे. तरी देणारे देतात, म्हणून मेल जपून ठेवतोय. ग्रीन कार्ड हातात आहे, हिची नोकरी आहे. घरात काही कमी पडणार नाही.

चिमणी दूध पिऊन झालं की माझ्या शर्टाचं वरचं बटण मुठीत धरून झोपते. ते सोडवून लॅपटॉप उघडायला जीव होत नाही हो. प्रेसच्या गेटवर तुम्ही धरणं धरून बसला होतात तेव्हा मी डबा घेऊन यायचो आणि तुम्ही अर्धी पोळी मलाच भरवायचात. आई, तेव्हा तू कुणाला काय सांगून घर चालवलंस, ते मावशीला अजून माहीत नाही. मग आता मला कशाला अडवता?

जानेवारीत आम्ही येतोय, त्यात बदल नाही. तोवर पहाटेच्या थंडीत मुक्तिधामच्या देवळात चालत जायचं नाही, ऊन आल्यावर जा. आईने गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवू नये, लावावा. गीझरवाला शनिवारी येईल, पैसे दिलेत, त्याला पुन्हा देऊ नका. आणि काकांना यातलं अक्षरही सांगू नका, ते ग्रुपवर टाकतील.

तुमचा,
बाळू