फाटक एकच होतं

सोलापूर,
श्रावण वद्य पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "एकाच कंपनीत सगळी नोकरी काढलीस बे, कधी दुसरीकडं जावंसं वाटलंच नाही?" मी तेव्हा नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथाच्या गर्दीत उभा होतो. लेझीम, ढोल, त्यात तुझा आवाज निम्माच येत होता. बरं झालं. तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता. आज रविवार आहे, घरात शांतता आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तू पुण्याला गेलास, चार ठिकाणी काम केलंस, वर चढलास. तुझ्या धंद्यात तीच रीत आहे आणि तू ते कष्टानं केलंस. पण "एकाच ठिकाणी" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस जिथं बसला तिथंच बसून राहिला. तसं झालं नाही रे. फाटक एकच होतं, आतलं काम मात्र पार बदलत गेलं. त्या प्रत्येक कामाला मी नव्यानं शिकाऊ म्हणून उभा राहिलो.

तुला आठवत असेल, आपल्या लहानपणी नोकरी म्हणजे गिरणी. जुनी मिल १८७७ सालची. तिच्यासाठी १९५० मध्ये दिल्लीत वेगळा कायदा करावा लागला आणि सरकारनं कारभार हाती घेतला, त्यावरचे खटले सुप्रीम कोर्टात गाजले. इतकं मोठं प्रस्थ, तरी ते टिकलं नाही. आपल्या दोघांच्या घरांनी बंद गिरणीचे दिवस बघितले. त्यामुळं १९८७ साली मी अशोक चौकाजवळच्या त्या चादरीच्या कारखान्यात लागलो, तेव्हा घरात कोणाला आनंद झाला नव्हता. "पॉवरलूम म्हणजे काय नोकरी आहे का?" असं मामा म्हणाले होते. पत्र्याची शेड, मोजके माग, कोपऱ्यात लाकडी टेबल. त्या टेबलावर ग्राफचा कागद अंथरून आमचे डिझाईन मास्तर बसायचे. मी त्यांचा मदतनीस.

त्या टेबलाबद्दल तुला कधी नीट सांगितलंच नाही, आता सांगतो. आपली चादर म्हणजे एकमेकांत विणलेली दोन कापडं. वरून तांबड्या जमिनीवर पांढरा मोर, उलटली की पांढऱ्या जमिनीवर तांबडा मोर. हे सगळं आधी ग्राफवर चौकोनाचौकोनानं भरायचं. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी. एका आडव्या ओळीला पुठ्ठ्याचं एक कार्ड. जिथं धागा उचलायचा तिथं भोक, जिथं नाही तिथं कोरं. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून जकार्डवर, म्हणजे मागाच्या वर बसवलेल्या, नक्षीप्रमाणे धागे उचलणाऱ्या यंत्रावर चढवायची. खाली माग चालू झाला की वर कार्डांची माळ फिरायला लागायची आणि मोर एकेका धाग्यानं खालून वर येत जायचा.

आता मोराची मान घे. मान वळणदार, ग्राफ चौकोनी. वळण काढायचं म्हणजे पायऱ्याच होणार. त्या पायऱ्या कुठं एका चौकोनाच्या, कुठं दोनच्या, कुठं तीनच्या घ्यायच्या, की हातभर लांबून बघणाऱ्याला पायरी दिसू नये, ही खरी विद्या. शिवाय कापडात इंचाला ताण्याचे उभे धागे वेगळे, बाण्याचे आडवे वेगळे. त्या हिशोबाचा ग्राफ घेतला नाही तर कागदावरचं गोल फूल कापडात अंड्यासारखं उतरतं. आणि धागा फार लांब मोकळा सोडायचा नाही, नाहीतर बाईच्या बांगडीत, जोडव्यात अडकून ओढला जातो. हे शेवटचं मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. चादर कोणाच्या अंगावर जाणार, याचा विचार ते ग्राफ भरतानाच करायचे. मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटला, तो अजून तसाच आहे.

पावसाळ्यात पुठ्ठे दमट हवा पिऊन फुगायचे, जकार्डच्या सुयांना भोक नेमकं सापडायचं नाही, नक्षी बिघडायची. उन्हाळ्यात उलट. आपल्याकडची ती कोरडी, पारा चव्वेचाळीसकडं जाणारी हवा. सूत कडक होऊन तटातट तुटायचं. मग शेडमध्ये जमिनीवर पाणी मारायचं. घरी नळाला चार दिवसांआड पाणी, आणि इथं मागासाठी बादल्याच्या बादल्या. पण सूत तुटलं की माग थांबतो, माग थांबला की विणकराची मजुरी थांबते. तिथं बहुतेकांना नगावर पैसे मिळायचे.

ते विणकर बहुतेक पद्मशाली समाजाचे, घरात तेलुगू बोलणारे. मला मराठीशिवाय फक्त थोडं कानडी येत होतं. मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून मी तेलुगू शिकलो. आजही साखर पेठेतून चाललो तर दोन ओट्यांवरून तरी "बागुन्नारा?" (बरे आहात ना?) असा आवाज येतो आणि चहाशिवाय पुढं जाता येत नाही. तू विचारलंस ना, काय मिळालं? हे मिळालं.

मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मोठी शेड झाली आणि चादरीबरोबर टर्की टॉवेल सुरू झाले. टॉवेल म्हणजे निराळंच शास्त्र. त्याला ताण्याचे दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ. एक जमिनीचा, ताठ. दुसरा लूपचा, सैल. दोन फेऱ्यांचे धागे विणीच्या कडेपासून जरा मागंच ठेवायचे आणि तिसरी फेरी झाली की फणीनं तिन्ही एकदम ठोकायचे. सैल धागा गोळा होतो आणि लूप उभा राहतो. चादरीत मी रेघेचा विचार करायचो, टॉवेलमध्ये उंचीचा करायला लागलो. पहिलं वर्ष फार ओढाताणीचं गेलं. पण रात्री झोपताना डोक्यात लूप असायचे, इतकी गोडी लागली होती.

त्यानंतर संगणक आला. मी चाळिशी ओलांडलेली. इलेक्ट्रॉनिक जकार्डला पुठ्ठा नको, त्यात भोकं पाडणं नको. डिझाईन पेन ड्राईव्हमध्ये. पॉलिटेक्निकमधून एक मुलगी आली होती, माझ्या पुतणीच्या वयाची. मला ती "काका" म्हणायची, पण माऊस शिकवताना अगदी मास्तरीणबाईंसारखी करडी. मी तिला ग्राफवरची वळणं शिकवली, मोकळा धागा किती सोडायचा ते शिकवलं. संगणक वळण चटकन काढून देतो, पण त्यातली पायरी कुठं बोचते हे त्याला कळत नाही. ते ती शिकली. आता तिरुपूरला आहे. अडलं की अजून फोटो पाठवून विचारते, "काका, इथं काय करू?"

सगळं असं गोडच होतं असं समजू नकोस. भारनियमनाच्या वर्षांत आठ तासांच्या पाळीत माग किती वेळ फिरणार, हे सकाळी कोणी सांगू शकत नव्हतं. पानिपतचा स्वस्त माल "सोलापुरी" म्हणून बाजारात विकला जाऊ लागला. मिंक ब्लँकेट आलं आणि लग्नातल्या रुखवतातून, आहेरातून चादर मागं पडली. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण नाव राखलं गेलं तरी गिऱ्हाईक आपोआप परत येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या शेडमधले माग भंगारात वजनावर गेले.

आणि एक गोष्ट अशी, जी मला फार लागली. मंदीच्या काळात आमच्या पगारातून पीएफ कापला जात होता, पण खात्यात भरला जात नव्हता. पासबुक बघितल्यावर कळलं. ज्या मालकांनी आईच्या ऑपरेशनला न मागता पैसे पाठवले होते, त्यांच्याच ऑफिसात उभं राहून हे विचारायची वेळ आली. आम्ही सगळे मिळून गेलो, लेखी दिलं, पीएफ ऑफिसपर्यंत गेलो, तेव्हा भरणा झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यातल्या एकीनं दुसरी पुसली जात नाही. कंपनीवर निष्ठा वगैरे शब्द निरोपाच्या भाषणात चालतात. मी मालकासाठी राहिलो नाही.

त्याच सुमाराला भिवंडीहून बोलावणं आलं होतं, पगार जवळजवळ दीडपट. तुझ्याशी तेव्हा बोललोही होतो. तू म्हणालास, "जा." मी गेलो नाही. आईचं दुखणं हे कारण मी सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण मुख्य कारण वेगळं होतं. तिकडं साधं कापड होतं, नुसती मीटरवर मोजणी. इथं माझ्या टेबलावर मोर अर्धा झाला होता. खरं सांगतो, मला ते काम सोडवत नव्हतं. एखादं काम दहा वर्षं केल्यावर जे दिसतं ते पाच वर्षांनी दिसत नाही, आणि वीस वर्षांनी जे दिसायला लागलं ते दहाव्या वर्षी मला माहीतही नव्हतं. जागा बदलली असती तर प्रत्येक वेळी नवे धागे, नवे माग, नवी माणसं समजून घेण्यात निम्मा जन्म गेला असता. मला खोल जायचं होतं. त्यासाठी एकाच ठिकाणी थांबणं भाग होतं.

पैशाचं म्हणशील तर ते तुझ्याएवढं नाही, आणि ते मला आधीपासून ठाऊक होतं. ग्रॅच्युइटी नियमानं मिळाली, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, सव्वीस दिवसांचा महिना धरून. पेन्शन मात्र तुटपुंजी. पंधरा हजारांच्या वरचा पगार त्या हिशोबात धरतच नाहीत, मग नोकरीच्या वर्षांनी गुणून सत्तरनं भागायचं. आयुष्यभर माग चालवणाऱ्या माणसाच्या हातात महिन्याला हजार-दोन हजार पडतात, हे बघून माझा जीव तुटतो. माझं निभतं. ज्यांचं निभत नाही, त्यांचे अर्ज, हयातीचे दाखले, आधारची भानगड हे सगळं मी हल्ली बघतो. सकाळचे दोन तास त्यातच जातात. दुपारी दोन पोरं ग्राफ शिकायला येतात. संगणकावर काम करणारीच आहेत, पण पेन्सिलीनं शिकायचंय म्हणतात. त्यातल्या एकाचा हात चांगला आहे.

आता तुझं सांग. गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस, वहिनी म्हणतात ते ऐक. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, यंदा नक्की ये. नंदीध्वजांची मिरवणूक आपण पोरवयात पाहिली तशी या वेळी दोघांनी मिळून पाहू, बाळीवेशीत माझ्या ओळखीच्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायची सोय करतो. हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट आधीच काढ, त्या आठवड्यात मिळत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरचीच आहे, विकतची नको. आणि तुझ्या घरी गादीचं माप काय आहे ते कळव; ६० बाय ९० इंचाची चादर पुरेल की मोठी लागेल, एवढं लिही. रंग मी ठरवतो.

वहिनींना नमस्कार, नातीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
जुना दोस्त