अण्णा, त्या दुपारी तुम्ही आधी बसलात

ती. स्व. अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

तीर्थरूप म्हणजे सख्खे वडील आणि तीर्थस्वरूप म्हणजे वडिलांसारखे, हे शाळेत पत्रलेखनाच्या तासाला घोकून घेतलं होतं. त्यातलं दुसरं कधी कुणाला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या निरोपाच्या दिवशी सगळे बोलले. मालकांनी शाल-श्रीफळ दिलं, कॅशवरच्या काकांनी जुने किस्से काढले, फॉल-पिकोवाल्याने तर कविता म्हटली. मी समोशाची प्लेट धरून मागे उभी होते. माझं नाव पुकारल्यावर तोंडातून एवढंच आलं, "अण्णा चांगले होते." सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "अहो, मी अजून आहे." जे बोलायचं होतं ते धायरीच्या बसमध्ये आठवलं, नेहमीसारखं उशिरा. म्हणून लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण हे वाचावं असे काही लोक मला माहीत आहेत. दुकानाचं नाव घालत नाही, तुमचंही नाही. लक्ष्मी रोडवर अण्णा पुष्कळ आहेत.

साड्यांच्या काउंटरमागे माझी तेरा वर्षं गेली. त्यातली नऊ आधीच्या दुकानात. सकाळी दहाला उभं राहायचं ते रात्री शटर ओढेपर्यंत. मध्ये जेवायला बसायचं ते गोदामात, साड्यांच्या खोक्यावर. लग्नसराईत तेही दोन घास कोंबून परत. बाहेरच्या लोकांना वाटतं, उभंच तर राहायचंय, पोती थोडीच उचलायची आहेत! माझ्या नवऱ्यालाही पहिली दोन वर्षं असंच वाटायचं. मग एकदा पोरीच्या शाळेच्या दाखल्यासाठी रांगेत चार तास उभा राहिला आणि घरी येऊन पाय चोळत बसला. त्यानंतर काही बोलला नाही.

पाचव्या वर्षी पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरा उठल्या, दोरीला गाठी माराव्यात तशा. तोवर मी त्याला 'पाय भरून येणं' म्हणायचे आणि रात्री तेल लावून झोपायचे. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. पायातलं रक्त वर चढायचं तर पोटरी आवळायला-सुटायला लागते, म्हणून चालणाऱ्याचे पाय त्यामानाने बरे राहतात. एका जागी उभं राहिलं की पोटरी गप्प, रक्त खाली साठतं, आणि ते खाली येऊ नये म्हणून शिरांत ज्या बारीक झडपा असतात त्या ताण खाऊन खाऊन सैल होतात. व्हेरिकोज व्हेन्स. घट्ट मोजे घाला, रात्री पायाखाली उशी घ्या, पाणी भरपूर प्या आणि उभं राहणं कमी करा, म्हणाले. शेवटच्या वाक्याला मी हसले. डॉक्टरही ओशाळले असावेत, कारण त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पाणी भरपूर प्या, हेही तसंच. काउंटरवर बाटली ठेवायला बंदी, रेशमावर थेंब पडेल म्हणून. ते एक वेळ समजू शकते, पैठणीवर पाण्याचा डाग कुणालाच परवडत नाही. पण बाथरूम मागच्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावर, त्याला कुलूप, आणि किल्ली कॅशियरच्या डोक्यामागच्या खिळ्याला. प्रत्येक वेळी गिऱ्हाइकांसमोर जाऊन मागायची. दुसऱ्यांदा मागितली की तो भला माणूस मान वर न करता विचारायचा, "परत?"

त्या एका शब्दापायी मी पाणी सोडलं. आम्ही सातही जणींनी सोडलं. सकाळचा चहा, मग थेट दुपारी डब्याबरोबर अर्धा पेला. मग उन्हाळी लागायची. ते धणे-जिऱ्याचं पाणी, त्या गोळ्या, लघवीला जळजळ होत असताना समोरच्या बाईला हसून सांगायचं, "ताई, हा रंग तुमच्यावर खुलेल." पाळीचे दिवस तर विचारूच नका. तुम्हाला हे लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. ज्याने सगळं न सांगता ओळखलं त्याच्यापुढे कसली लाज?

त्या दुकानाला आरोग्याची काळजी नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. भलतीच होती! आठ मार्चला गुलाबाचं फूल, मोफत बीपी-शुगर तपासणी आणि मागे फ्लेक्स, 'आपले आरोग्य आपल्या हाती'. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी सात जणींपैकी पाच जणींना सांगितलं, जास्त वेळ उभ्या राहू नका. ते ऐकून आम्ही रांगेने फोटोला उभ्या राहिलो आणि तिथून काउंटरला. एकवीस जूनला योग दिन. दुकान उघडायच्या आधी तासभर यायचं, हजेरी सक्तीची, वर दुकानाच्या नावाचा टी-शर्ट. शिकवलं काय, तर ताडासन आणि वृक्षासन. आयुष्य ज्यांचं उभ्याने चाललंय त्यांना आणखी उभ्याने करायची आसनं. आसन शब्दाचा मूळ अर्थ बसायची जागा, हे मला माझ्या मुलीने सांगितलं. तेवढी एक सोडून सगळी आसनं आम्हाला मिळाली.

आणि त्या फ्लेक्सवरचं वाक्य तर मला अजून झोंबतं. आमचं आरोग्य आमच्या हाती कुठे होतं? ते खिळ्याला टांगलेलं होतं.

एका पोरीला चक्कर आली, ती क्षणभर खोक्यावर टेकली, तर वरच्या केबिनमधून फोन: "बसायचा पगार देतो का आपण?" कॅमेऱ्यात दिसलं होतं. त्याच महिन्यात मी ते दुकान सोडलं आणि चार वर्षांपूर्वी तुमच्या हाताखाली आले.

पहिल्या आठवड्यात तुम्ही मला काही शिकवलं नाहीत. नुसतं बघत होतात. मग विचारलंत, "तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर भार का टाकता सारखा?" मी घाबरले, वाटलं तक्रार आहे. म्हटलं, सवय आहे. तुम्ही "हं" म्हणालात. तुमच्या दुकानातही बाथरूमची किल्ली खिळ्यालाच असायची. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. कुलूपच काढलं होतं. कुणाला काही बोलला नाहीत, सूचना लावली नाहीत. सुपारी कातरावी तितक्या सहज ते काम झालं होतं.

चहाच्या वेळी तुम्ही गादीच्या गोष्टी सांगायचात. तुम्ही सतराव्या वर्षी या रस्त्यावर आलात तेव्हा दुकानात शिरताना चपला काढाव्या लागत. पांढरी शुभ्र चादर घातलेली गादी, लोड-तक्के. गिऱ्हाईक बसलेलं, विकणारा बसलेला, शेटजी गल्ल्यापाशी मांडी ठोकून बसलेले. साडी गादीवर उलगडायची, पदर मांडीवर घेऊन दाखवायचा. लग्नाची खरेदी असली की अख्खं कुटुंब तीन-तीन तास बसायचं. "बस्ता म्हणतात ना त्याला, बसल्याशिवाय होईल कसा?" हा तुमचा विनोद आम्ही किती वेळा ऐकला असेल! मग काचा आल्या, एसी आला, काउंटर आले. गिऱ्हाइकाला खुर्ची मिळाली, मालकांना केबिन मिळाली. विकणारा तेवढा उभा राहिला. "हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं, मला पत्ताच लागला नाही," असं तुम्ही म्हणायचात, तेव्हा तुमचा आवाज जरा खाली यायचा.

स्टुलं आणायला मालकांना कसं राजी केलंत ते मला माहीत नाही, आणि तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. मला आठवतं ते एवढंच की पहिलं स्टूल बुटकं निघालं. त्यावर बसलं की काउंटर हनुवटीला लागायचा. तुम्ही फॉल-पिकोवाल्याची टेप घेतलीत, मला उभी करून काउंटरपासून कोपरापर्यंत माप काढलंत, ते कार्डाच्या पाठीवर लिहून घेतलंत आणि स्टूल परत पाठवलंत. दुसरी आली ती बरोबर मापाची, पाय टेकायला खाली आडवी दांडी असलेली. त्यांच्या पायांना तुम्ही बोहरी आळीतून काळ्या रबरी टोप्या आणून स्वतः बसवल्यात. का, ते तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. फरशीवर स्टूल सरकलं की करकर आवाज होतो, आणि आवाज झाला की सगळं दुकान वळून बघतं की कोण बसलं.

तरी आठ दिवस कुणी बसलं नाही. खरं सांगते, मीही त्यावर पर्स ठेवायचे. वर कॅमेरा होता ना. नऊ वर्षांची भीती टोपी बसवल्याने थोडीच जाते?

मग ती मंगळवारची दुपार. तुळशीचं लग्न होऊन सराई सुरू झाली होती. साताऱ्याकडचा बस्ता होता, अकरा माणसं, नवरीची आजी खुर्चीत. माझी इरकल दाखवून झाली होती, नारायणपेठ काढत होते, आणि डाव्या पोटरीत असा पेटका आला की हातातली घडी सुटली. धाकटे मालक खाली आलेले, माझ्यापासून दोन हात अंतरावर उभे. तुम्ही पलीकडच्या काउंटरवरून आलात. मला वाटलं, साडी उचलाल. तुम्ही स्टूल ओढलंत आणि धाकट्या मालकांच्या देखत, अकरा गिऱ्हाइकांच्या देखत, स्वतः बसलात. धोतराचा सोगा नीट केलात, चष्मा पुसलात. मग दुसऱ्या स्टुलावरची माझी पर्स उचलून खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बसा. आजींना दाखवायचंय, आजींच्या उंचीला या."

मी बसले.

आजी म्हणाल्या, "बरं झालं गं बाई, मघापासून वर बघून मान अवघडली होती." तुम्ही पदर मांडीवर घेतलात, गादीवर घ्यायचात तसाच असणार, आणि बुट्टी बोटाने दाखवलीत. धाकटे मालक थोडा वेळ घुटमळले आणि वर निघून गेले. त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी कांजीवरमच्या काउंटरवरची ताई बसली, मग ड्रेस मटेरियलची पोरगी. आठवड्यात कुणाला त्यात काही वाटेनासं झालं.

तुम्हाला बसायची गरज नव्हती, अण्णा. तुमचे पाय ठणठणीत आहेत, तुम्ही पर्वती चढता. तुम्ही नुसतं "बसा हो" म्हणून निघून गेला असतात तर मी बसले नसते. आणि बसले असते तरी एकटी बसलेली दिसले असते. कुणी काही बोललं तर आधी तुम्हाला बोलावं लागेल, अशी व्यवस्था तुम्ही केलीत. माझे डोळे तेव्हा भरून आले होते. आजींना वाटलं नातीच्या लग्नाच्या साड्या बघून पोरगी हळवी झाली.

माझ्या मुलीने नंतर मला केरळची गोष्ट वाचून दाखवली. कोझिकोडला विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं. आधी मागणी बाथरूमची, मग बसण्याची. वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसायच्या सोयीचं कलम घातलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही घातलं. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच लिहिलं होतं की उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसायची सोय हवी. म्हणजे मी शाळेतही नव्हते तेव्हापासून लोकांना हे ठाऊक होतं! स्टुलासाठी बायकांना रस्त्यावर उतरावं लागतं, याचा मला राग आला आणि त्या बायकांचा अभिमानही वाटला. तुम्ही यातलं काही वाचलेलं नसणार. तुम्ही वर्तमानपत्रात आधी शब्दकोडं बघता.

पायांच्या शिरा काही गेल्या नाहीत. जाणारही नाहीत म्हणतात, फार वाढल्या तर लेझरने बंद करता येतात, बघू. पण संध्याकाळी चपलेचा पट्टा आता घोट्यात रुतत नाही. काउंटरखालच्या खणात झाकणाची बाटली असते, चारपर्यंत संपते. उन्हाळी शेवटची कधी लागली ते आठवावं लागतं. आणि मधूनमधून उठून टाचा वर-खाली करते, वीस वेळा. डॉक्टरांनी हे पूर्वीही सांगितलं होतं. तेव्हा 'स्वतःकडे लक्ष द्या' म्हटलं की डोक्यात तिडीक जायची. आता जमतं, कारण तेवढी उसंत आहे.

चांगुलपणा म्हणजे फार मोठं काही असतं असं मला वाटायचं. देणगी देणारे, हॉस्पिटलं बांधणारे. असे लोक हवेतच. पण माझ्या वाट्याला आला तो टेप घेऊन कोपराचं माप काढणारा. आमच्या आईला दवाखान्यात नेताना रिक्षा फाटकाच्या आत नेऊन लावणारा तो रिक्षावाला तसाच, आणि मुलीच्या परीक्षेच्या दिवशी माझी सुट्टी स्वतःच्या नावावर घालणारी आमची कांजीवरमवाली ताईही तशीच. कुणी यांना शाल घालत नाही. तुम्हाला घातली, तीही चाळीसहून जास्त वर्षं नोकरी झाली म्हणून घातली, स्टुलांसाठी नाही. भाषणात स्टुलांचा विषयसुद्धा निघाला नाही. मीच काढायला हवा होता.

तुमच्या जागी आलेला मुलगा बरा आहे. शिकलेला आहे, टॅबवर स्टॉक बघतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, स्टुलं गिऱ्हाइकांची की स्टाफची? आम्ही तिघी एकदम म्हणालो, स्टाफची. त्याने मान डोलावली. तो बसतो का ते अजून बघतोय आम्ही.

नाशिकला मुलाकडे करमतंय का? वहिनींचे गुडघे कसे आहेत?

आणि एक काम होतं. माझ्या स्टुलाच्या एका पायाची टोपी फाटली आहे. सरकवलं की करकर वाजतं आणि सगळे बघतात. मी बोहरी आळीत दोनदा फिरून आले, मिळतात त्या सगळ्या मोठ्या मापाच्या. तुम्ही आणल्या होत्यात ते दुकान नेमकं कुठलं, तेवढं कळवा.

तुमची,
इरकल-नारायणपेठच्या काउंटरवरची