गंजलेल्या बिजागरीवर ग्राइंडर नको

महोदय,

जुनी ॲम्बॅसडर, पद्मिनी किंवा महिंद्राची जीप दुरुस्तीला काढली की दाराच्या बिजागरीचा किंवा काचेच्या चौकटीचा स्क्रू हटता हटत नाही आणि गॅरेजमध्ये लगेच ग्राइंडर बाहेर येतो. काम पाच मिनिटांत होते, पण मूळ बिजागरी जाते. बाजारातली दुसरी क्वचितच जागेवर बसते, मग दार लोंबत राहते. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीतही गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. त्यामुळे कापाकापी अगदी शेवटी.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांतली फट भरून स्क्रू पाचरीसारखा आवळतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून लगेच पाना लावला तर डोकेच तुटणार. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात घ्यावे. दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून दरवेळी बाटली हलवून दिवसातून दोनदा थेंब सोडावेत, दोन-तीन दिवस. हे मिश्रण रंग खाते आणि झटकन पेटतेही.

फुलीच्या खाचेतला जुना रंग टोच्याने पूर्ण खरवडावा. बिट (ड्रायव्हरचे टोक) तळापर्यंत बसला नाही तर खाच गोल होते, आणि निम्मे स्क्रू इथेच वाया जातात. मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावावा. नुसत्या पिळापेक्षा घावाने गंजाची पकड सुटते. स्क्रू हलला म्हणून सरळ काढत सुटू नये. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, पुन्हा तेल.

तरीही अडला तर उष्णता. स्क्रू नव्हे, भोवतालची बिजागरी तापवावी आणि थोडी निवताना मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. तेल-ॲसिटोन आधी पुसून वाळू द्यावे. पेट्रोलची टाकी, वायरिंग, रबर जवळ असेल तर गॅसची टॉर्च लावूच नये. जस्ताचा मुलामा तापून निघणारा धूर विषारी असतो.

दार उतरवण्यापूर्वी बिजागरीची कड अणकुचीदार खिळ्याने आखून ठेवावी आणि दाराखाली फळी ठेवून जॅक द्यावा. अनेक गाड्यांत खांबाच्या पोकळीत आटे पाडलेली सुटी पट्टी असते. सगळे स्क्रू एकदम काढले की ती आत पडते, आणि मग ती शोधण्यात दिवस जातो. एक स्क्रू कायम अडकवून ठेवावा.

डोके तुटलेच तर बरोबर मध्यावर पंच मारून 3 मिमीचे भोक आधी पाडावे. मग तुटका स्क्रू उलटा फिरवून काढायच्या एक्स्ट्रॅक्टरवर फार जोर देऊ नये. तो आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही. नवे आटे पाडायला 8 मिमीच्या टॅपसाठी 6.8 मिमीचे भोक लागते. मात्र जुन्या जीपचे आटे इंची असतात, तिथे मिलिमीटरचा टॅप घुसवू नये.

सुटलेली लोखंडी बिजागरी साखर कारखान्याच्या मळीत (मोलॅसिस), एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, आठवडा-दोन आठवडे बुडवली तर गंज निघतो. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे भाग त्यात टाकू नयेत.

बसवताना आट्यांना तांब्याचे ग्रीस लावावे, पण चाकाच्या नटांना नाही. आणि जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट बहुधा उलट्या आट्यांचे असतात. ते गंजले समजून पान्याला पाइप लावून नेहमीच्या दिशेने फिरवले तर स्टडच, म्हणजे नट बसतो तो बोल्टच, मोडतो.

— जुन्या गाड्यांचे काम करणारे काही वाचक, कोल्हापूर